चांगली चालणारी फेरीबोट दरवर्षी काही दिवस बंद का ठेवतात?

तिचा पाण्याखालचा भाग तपासायला. तो वरून दिसत नाही, आणि बोटीचं खरं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. आंतरराष्ट्रीय मार्गावरच्या प्रवासी जहाजांच्या तळाची तपासणी दरवर्षी करावी लागते; पाच वर्षांत किमान दोनदा तरी ती सुक्या गोदीत (म्हणजे पाणी काढून जहाज कोरडं उभं करतात त्या जागी) व्हावी लागते. एकदा बोट वर घेतली की मग सगळंच उरकतात: तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडणं (यांच्यामुळे इंधन जास्त जळतं), अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजणं, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याचं सील आणि सुकाणू पाहणं. तळाला लावलेले जस्ताचे ठोकळेही बदलतात. लोखंडाऐवजी आधी स्वतः झिजायचं, एवढंच त्यांचं काम, त्यामुळे ते अर्धे खाल्लेले दिसले तर घाबरू नका. पत्रा पातळ निघाला तर मात्र कापून नवा जोडावा लागतो, आणि ठरलेली तारीख हमखास पुढे जाते.

फक्त देशांतर्गत किंवा नदी-तलावातल्या फेऱ्यांना त्या त्या देशाचे नियम लागतात. गोड्या पाण्यात गंज कमी चढतो, म्हणून तिथे दोन तपासण्यांमधलं अंतर बरंच जास्त असू शकतं.