तुच्छता नेमकी कोणाकडे?

प्रश्न : एका इंग्रजी कथेच्या अनुवादात ‘तिरस्करणीय हास्य’ असा शब्दप्रयोग वाचला. मूळ कथेत त्या ठिकाणी ‘कन्टेम्प्च्युअस’ हे विशेषण असून, शब्दकोशात त्याचा अर्थ ‘तिरस्कारयुक्त’ असा दिला आहे. मग हा अनुवाद योग्य मानावा का? तसेच ‘डिसडेनफुल’ आणि ‘सुपरसिलियस’ या विशेषणांनाही बहुधा हाच अर्थ दिलेला आढळतो. त्यांच्यात काही फरक आहे का?

उत्तर : अनुवाद चुकला आहे, आणि तोही इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक चुकला आहे. ‘आदरयुक्त’ आणि ‘आदरणीय’ यांत आपण कधी गल्लत करत नाही. आदरयुक्त असतो तो आदर बाळगणारा आणि आदरणीय असतो तो आदरास पात्र ठरणारा. तिरस्काराच्या बाबतीत मात्र हे भान का सुटते, कोण जाणे. ‘कन्टेम्प्च्युअस’ म्हणजे दुसऱ्याला तुच्छ लेखणारा. ज्याला तुच्छ लेखावे असा जो, त्याच्यासाठी इंग्रजीत ‘कन्टेम्प्टिबल’ हे वेगळे विशेषण आहे. कथेतील पात्र समोरच्याला कस्पटासमान लेखून हसले असेल, तर त्याचे हास्य पहिल्या प्रकारचे ठरते. त्या हास्याची वाचकाला किळस वाटावी असे लेखकाला सुचवायचे असते, तर त्याने दुसरे विशेषण वापरले असते.

या जोडीचे इतिहासातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, 1914 मध्ये, फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश फौजेला जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने ‘कन्टेम्प्टिबल’ म्हणजे क्षुद्र असे हिणवल्याची बातमी ब्रिटनमध्ये पसरली. (ती कितपत खरी होती, याविषयी पुढे बऱ्याच शंका घेतल्या गेल्या.) त्या फौजेतील सैनिकांनी मात्र ते विशेषण अभिमानाने मिरवले आणि ते स्वतःला ‘ओल्ड कन्टेम्प्टिबल्स’ म्हणवू लागले. येथे बातमीतला सम्राट ‘कन्टेम्प्च्युअस’ आणि त्याच्या लेखी फौज ‘कन्टेम्प्टिबल’, अशी ही वाटणी आहे.

‘तिरस्कारयुक्त’ हा शब्दकोशातील अर्थ चुकीचा नाही, पण माझ्या मते तो थोडा सैल आहे. मराठीत तिरस्कार बरोबरीच्या माणसाचा करता येतो, आपल्याहून बलवान शत्रूचाही करता येतो, आणि त्यात द्वेषाची धग असते. ‘कन्टेम्प्ट’मध्ये ती धग असेलच असे नाही, समोरचा आपल्या खिजगणतीतही नाही, ही भावना मात्र असावीच लागते. म्हणून कथेतील त्या हास्यासाठी मी ‘तुच्छतेचे हास्य’ किंवा ‘कुत्सित हास्य’ हे शब्द निवडले असते. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी 1986 मध्ये या भावनेची चेहऱ्यावरील खूण सांगितली होती : ओठाचा एकच कोपरा ताणला जाऊन किंचित वर उचलला जातो. कुत्सित हसणारा माणूस डोळ्यांसमोर आणला, तर हेच दिसते.

वापराच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याला तुच्छ लेखले जाते, त्याच्या आधी ‘कन्टेम्प्च्युअस’नंतर सामान्यतः ‘ऑफ’ येते. नियमांना न जुमानणारा माणूस ‘कन्टेम्प्च्युअस ऑफ रूल्स’ असतो. ‘कन्टेम्प्ट ऑफ कोर्ट’मधील ‘ऑफ’ही तेच, परंतु तिथे मनातील भावनेपेक्षा न्यायालयाची अवज्ञा किंवा अप्रतिष्ठा करणारी कृती महत्त्वाची असल्याने, मराठीत ‘न्यायालयाचा अवमान’ हा शब्दप्रयोग रुळला, ते योग्यच झाले.

आता उरलेली दोन विशेषणे. ‘डिसडेनफुल’ माणूस एखादी गोष्ट आपल्या योग्यतेची नाही असे मानून तिच्यापासून दूर राहतो; आपल्याकडचे ‘नाक मुरडणे’ त्याच्या बरेच जवळ जाते. ‘सुपरसिलियस’च्या मुळाशी भुवई या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि त्यात तिरस्कारापेक्षा स्वतःच्या मोठेपणाची ऐट अधिक असते. मात्र मराठीत भुवया उंचावतात त्या आश्चर्याने किंवा नापसंतीने, त्यामुळे तेथे भुवईचा शब्दशः उल्लेख केल्यास वाचकाची दिशाभूल होईल. बोलीत आपण ज्याला ‘फार शिष्ट आहे’ म्हणतो, तो माणूस ‘सुपरसिलियस’. फक्त लेखी मराठीत ‘शिष्ट’चा सभ्य हा अर्थही जिवंत असल्याने, संदर्भ स्पष्ट नसेल तेथे ‘तोरा मिरवणारा’ असे लिहावे.