वाळवंटात गाडी गंजते का? कच्छमध्ये सहा वर्षं गाडी वापरून मिळालेलं उत्तर

तुमची पोस्ट वाचली आणि दाराच्या खालच्या कडेचे ते फोड डोळ्यांसमोर आले. भुजला बदली, चार वर्षांची गाडी, पाऊस नावापुरता, तरी रंगाखाली फुगवटे. 'वाळवंटात गंज येतोच कसा?' हा तुमचा प्रश्न मी गांधीधामला असताना अगदी याच शब्दांत विचारत फिरले होते. मी मूळची चिपळूणची. पत्रा सडतो तो पावसाने, एवढंच माहीत.

वाळवंटावाळवंटात फरक असतो. पुढे मी दोन वर्षं जैसलमेरला होते. तिथे वीस-वीस वर्षांच्या जीपा पाहिल्या. रंग उडालेला, दाराचं रबर हात लावला की तुटायचं, डॅशबोर्डला भेगा; पण वाकून खाली बघावं तर पत्रा टणक. अमेरिकेत ट्यूसनजवळ जुनी लष्करी विमानं उघड्यावर ठेवतात, ती अशाच कोरड्या हवेच्या भरवशावर. कच्छचं तसं नाही. एका अंगाला रण, दुसऱ्या अंगाला समुद्र. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून घेतं. रणातल्या खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणजे आपले ओठ फुटत असतात तेव्हाही दाराच्या पोकळीत बसलेली धूळ ओलसर असू शकते. पावसाळ्यात आणि थंडीतल्या दवाच्या पहाटे तर विचारूच नका.

आता माझी चूक, कारण तुम्हीही तेच करत असाल अशी मला भीती वाटते. सोसायटीत बोअरचं पाणी होतं. धूळ फार, म्हणून दर रविवारी त्याच पाण्याने गाडी धुवायची, खालूनही पाइप मारायचा. स्वच्छता राखतेय असं समाधान. ऊन एवढं कडक की दहा मिनिटांत सगळं वाळायचं आणि काळ्या बंपरवर पांढरे डाग उरायचे. ते मीठ होतं. बंपरवरचं मी फडक्याने पुसत होते, पण खाली, जिथे फडकं पोचत नाही तिथे, थरावर थर चढत होते. उशिरा का होईना, टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं) आणून पाणी मोजलं तर आकडा ३४००! पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची कमाल मर्यादाच २००० आहे.

फोड दिसल्यावर सर्व्हिस सेंटरला गेले. त्यांनी अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या पत्र्यावर गंजापासून वाचवणारा थर, सुचवलं. सकाळी गाडी दिली, दुपारी परत मिळाली. खालचा भाग धुतला कशाने, सुकायला किती वेळ दिला, हे मी विचारलंच नाही, आणि सगळ्यात महाग पडलं ते हेच. तीन वर्षांनी पुण्यात गॅरेजवाल्याने ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला. खालून काळा थर ओढला तेव्हा तो अख्खा सुटून आला; आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे आणि मधेमधे पांढरी खरपुडी. मीठ आणि ओल दोन्ही आत कोंडून वरून झाकण लावलं होतं! कोटिंग करणाऱ्यांना फोन केला, फोटो पाठवले, चार मेल लिहिले. उत्तर एकच: 'वातावरणामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.' अहो, वातावरणापासून वाचवायलाच तर पैसे घेतले होते! पत्रा कापून नवा जोडायला ३८ हजार गेले. अजून राग येतो.

मी इंजिनिअर नाही, हिशेबाचं काम करते, त्यामुळे गाडी लिफ्टवर घेऊन एखाद्या जुन्या डेंटरला दाखवाच. पण माझं मत विचाराल तर गाडी धुणं कमी करा आणि धुवाल तेव्हा गोड्या पाण्याने. बोअरच्या पाण्यापेक्षा कोरडा ब्रश आणि हवेचा झोत कधीही बरा. दाराच्या तळाला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात, ती धुळीने बुजतात. काडीने मोकळी करा. ताडपत्रीसारखं कव्हर रात्री घालू नका, दमट हवा आत अडकते. फोडांवर नुसती पुट्टी आणि रंग लावू देऊ नका. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून मगच प्राइमर. कोटिंग करायचंच असेल तर गाडी दोन दिवस तिथे ठेवा आणि थर देण्याआधी स्वतः खाली हात फिरवून बघा. बोटाला ओल किंवा माती लागली तर उठून या.

विषय निघालाच आहे तर टायरही बघा. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिकडच्या उन्हात रबर नक्षी झिजायच्या आधीच तडकतं.

दाराची खालची कड आतून दिसेल असा एक फोटो टाका, आणि सोसायटीत पाणी बोअरचं आहे की टँकरचं तेही लिहा. फोड नखाने दाबल्यावर आत जात असेल तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका, याच आठवड्यात दाखवा.