एच-वन-बी वर आहे, टीममधले लोक साउथ डकोटाला फेझंटच्या शिकारीला बोलावतायत, जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मिनियापोलिसला एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहात, टीममधले चारपाच जण ऑक्टोबरच्या शेवटी साउथ डकोटात कुणाच्या तरी खासगी शेतावर फेझंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या एका पक्ष्याच्या, शिकारीची तीन दिवसांची गाइडेड ट्रिप करतायत, बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही, पैसे बरेच मागतायत आणि पक्षी खरंच रानातले असतात की पिंजऱ्यातून आणून सोडतात हे कळत नाहीये. मी चार सीझन जाऊन आलोय त्यामुळे सांगतो. जा. पण आधी दोन गोष्टी नीट बघून घ्या.

पहिली गोष्ट व्हिसाची, कारण ही तुमच्या गोऱ्या मित्रांना माहीतच नसते. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सरळ बंदी आहे. विकत घेणं सोडाच, मित्राने "घे रे धर जरा" म्हणून हातात दिली तरी तो गुन्हा होऊ शकतो. यातून जी सूट आहे ती कुठल्याही राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर. म्हणजे क्रम असा की आधी लायसन्स काढायचं, ते खिशात ठेवायचं, मग बंदुकीला हात लावायचा, अगदी सरावाला रेंजवर जायचं असेल तरी. बायको एच-फोर वर असेल आणि तिलाही यायचं असेल तर तिचं वेगळं लायसन्स. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एच-वन वरच होतो आणि इमिग्रेशन वकिलाला अर्ध्या तासाचे पैसे देऊन हे विचारून घेतलं होतं, तुम्हीपण घ्या, ग्रीन कार्डाच्या लायनीत असताना कशाला विषाची परीक्षा.

लायसन्स साउथ डकोटाच्या गेम, फिश अँड पार्क्स खात्याच्या वेबसाइटवर मिळतं. बाहेरच्या राज्यातल्याला स्मॉल गेम (लहान शिकारीच्या) लायसन्समध्ये पाच-पाच दिवसांचे दोन स्लॉट मिळतात, तारखा तुम्हीच टाकायच्या, शंभर डॉलरच्या वर जातं आणि हॅबिटॅट स्टॅम्पचे, म्हणजे पक्ष्या-प्राण्यांची रानं राखायच्या फीचे, पंचवीस वेगळे. तिथे मोठ्या माणसाला सेफ्टी कोर्स कंपल्सरी नाही, पण तुम्ही मिनेसोटात राहता, तिकडे १९७९ नंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी तो लागतोच, तर करूनच टाका. बंदूक कधीच न धरलेल्या माणसाने कोर्स न करता रांगेत उभं राहणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे.

आता रानातले की सोडलेले. पहिल्या वर्षी मी यातच फसलो. एका लॉजवाल्याने फोनवर वाइल्ड बर्ड्स वाइल्ड बर्ड्स असा जप केला, आणि गेलो तर पक्षी गवतात बसून राहिलेले, कुत्रं अगदी नाकाशी गेलं तरी उडेनात, एकाला तर गाइडने बुटाने ढोसून उठवला. हातात घेतल्यावर बघितलं तर शेपटीची पिसं झिजलेली आणि नाकपुडीत भोक. पिंजऱ्यात पक्षी एकमेकांना टोचतात म्हणून चोचीवर प्लास्टिकचा चष्मा लावतात, त्याचं ते भोक. गावच्या जत्रेत नेम धरून फुगे फोडल्यासारखं झालं सगळं.

साउथ डकोटात यासाठी, म्हणजे पाळलेले पक्षी सोडून शिकार करायला, शूटिंग प्रिझर्व्ह नावाचा कायदेशीर प्रकारच आहे, त्यात बेकायदा काही नाही, फक्त ते काय आहे ते स्वच्छ सांगावं एवढंच. ओळखायला सोपं आहे. रानातल्या पक्ष्यांचा सीझन ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि ३१ जानेवारीला संपतो, माणशी दिवसाला तीन कोंबडे, फक्त नर, मादी मारायची नाही. प्रिझर्व्हचा सीझन १ सप्टेंबर ते ३१ मार्च. त्यामुळे कुणी सप्टेंबरात किंवा मार्चमध्ये बुकिंग घेत असेल, नाहीतर "तीनाच्या वर पाहिजेत तर मिळतील" म्हणत असेल, तर ते सोडलेले पक्षी हे धरून चाला. आणि "गॅरंटीड लिमिट" हा शब्द ऐकला की फोन ठेवा, रानातल्या पक्ष्याची गॅरंटी कोण देणार.

मग फोनवर काय विचारायचं? मी पक्षी किती आहेत हे विचारायचं सोडून दिलंय. मी विचारतो, या वर्षी न कापता काय काय ठेवलंय.

हे मला कळलं दुसऱ्या वर्षी. स्पिंक काउंटीत, रेडफिल्डच्या जवळ, एका साठीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. मिनियापोलिसहून यूएस-२१२ धरायचा आणि सरळ पश्चिमेला जात राहायचं, पाचेक तासांत तुम्ही तिथे. १९१९ मध्ये राज्यातला पहिला फेझंट सीझन याच काउंटीत झाला, फक्त एक दिवसाचा. पक्षी मूळचा तिथला नाहीच बरं का, चीनकडचा. १८८१-८२ च्या सुमाराला शांघायमधल्या अमेरिकन कॉन्सलने, डेनी त्याचं नाव, ओरेगनला पाठवलेले, तिथून पुढे पसरवत नेलेले, आणि आज तो साउथ डकोटाचा राज्यपक्षी. ह्युरनला त्याचा २८ फुटी पुतळा आहे रस्त्याच्या कडेला, थोडी वाट वाकडी करून बघा, फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. आपल्या मोराच्या आणि सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्याच कुळातला हा, फरक एवढाच की पळायला जास्त आवडतं, उडतो नाइलाज झाला की.

तर त्या शेतकऱ्याने सकाळी पिकअपमधून रान दाखवलं आणि मी बघतच राहिलो, कारण समोर ज्वारी उभी होती. तिकडे मायलो म्हणतात, बुटकी जात, पण ज्वारीच, कणसं भरलेली, ऑक्टोबर संपत आलेला आणि कापायचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणाला ही पक्ष्यांसाठी. मी मंगळवेढ्याकडचा माणूस, ज्वारीचं कोठार म्हणतात आमच्या भागाला, लहानपणीचे कितीतरी हिवाळे मी मचाणावर गोफण घेऊन पाखरं हाकलण्यात घालवलेत, हुरड्यात आलेल्या कणसावर चिमण्यांची झुंबड बसली की आजोबा लांबूनच शिव्या घालायचे. आणि इथे हा माणूस पाखरांसाठी ज्वारी पेरून वर उभी ठेवतोय. काही सुधरेना मला दोन मिनिटं.

पण हिशोब पक्का आहे त्याचा. फेझंटला तीन गोष्टी लागतात, मे-जूनमध्ये घरटं करायला गवत, ते तोवर कापलं जाऊ नये, हिवाळ्यात ब्लिझर्डमध्ये, म्हणजे बर्फाच्या वादळात, लपायला दाट आडोसा, आणि त्याला लागूनच दाणे. म्हणून ज्वारी, त्याच्या बाजूला झाडांची रांग, खाली पाणथळीत पाणकणसाचं बेट. मादी जगली पाहिजे आणि घरटं वाचलं पाहिजे, नर मारल्याने पुढच्या वर्षीच्या संख्येत फारसा फरक पडत नाही कारण एक नर दहाएक माद्यांना पुरतो. फरक पडतो नांगराने. १९८५ पासून तिकडे सीआरपी म्हणून सरकारी योजना आहे, कमी प्रतीची जमीन दहा-पंधरा वर्षं गवताखाली ठेवायची आणि सरकार त्याचं भाडं देतं. मक्याचा भाव चढला, इथेनॉलची मागणी वाढली, तशी करार संपलेली गवताची रानं लोकांनी नांगरून टाकली, त्यात दुष्काळ आणि ओला थंड वसंत, आणि २०१३ च्या सर्व्हेत एका वर्षात फेझंटचा आकडा ६४ टक्क्यांनी खाली आला. तो शेतकरी म्हणाला की माझा ओला कोपरा मक्याला कधी पुरला नाही, चार वर्षांत एकदा पीक यायचं, आता तोच कोपरा शिकाऱ्यांकडून मक्यापेक्षा जास्त देतो. आमच्याकडे वीतभर बांधासाठी भाऊ भाऊ कोर्टात जातात आणि दरवर्षी तो बांध थोडा थोडा कोरून शेतात घेतात, हे काही मी त्याला सांगितलं नाही.

त्यामुळे तुम्ही जे पैसे देता ते पक्ष्याचे नसतात, न नांगरलेल्या रानाचे आणि कुत्र्यांचे असतात. मला शेवटच्या वर्षी राहणं-खाणं धरून तीन दिवसांचे माणशी सोळाशे डॉलर पडले, वर गाइडला टिप, लायसन्स वेगळं.

दिवस कसा असतो ते सांगतो. सकाळी दहाच्या आधी बार काढता येत नाही, तसा नियमच आहे, त्यामुळे निवांत नाश्ता आणि मग गाइडचं सेफ्टीचं भाषण, ते झोप आली तरी ऐका. अर्धे लोक रांगेत चालणारे, अर्धे शेताच्या टोकाला उभे राहणारे, त्यांना ब्लॉकर म्हणतात. फेझंट सरीतून पुढे पुढे पळत जातो आणि टोकाला माणसं दिसली की एकदम फडाफडा वर उठतो, कोंबडा असला तर ओरडत उठतो. गाइड ओरडतो "रूस्टर!" किंवा "हेन!", आणि हेन ऐकलं की नळी वर. उन्हाच्या दिशेने उडाला तर रंग दिसत नाही, गळ्यातली पांढरी पट्टी आणि लांब शेपूट दिसली नाही तर मारूच नका, लाजायचं नाही. पक्ष्याच्या खाली आभाळ दिसलं पाहिजे, दिसत नसेल तर तिथे कुत्रं आहे नाहीतर ब्लॉकर. केशरी जॅकेट आणि टोपी घालाच, कायद्याने लागो न लागो. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी.

नेमाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मी अकरा बार काढले आणि एक पक्षी, तोपण बहुतेक शेजारच्याचा. जाण्याआधी चार-पाच वेळा क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरायला जा, लायसन्स घेऊन अर्थातच. बंदूक लॉजवरची भाड्याने घ्या, ट्वेंटी गेज, म्हणजे जरा बारीक नळीची, मागा, खांदा वाचतो.

खरी मजा कुत्र्यांची आहे, हे मी शिकारीत फारसा न रमलेला माणूस म्हणून सांगतो. पाणकणसात एक जखमी कोंबडा पडला, आम्ही पाच माणसं दहा मिनिटं शोधत होतो, आणि म्हातारी लॅब्राडॉर भलतीकडूनच तो तोंडात धरून आली. जखमी पक्षी शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही असा त्या शेतकऱ्याचा नियम होता आणि त्यासाठीच मी त्याच्याकडे परत परत जातो. मारताना वाईट वाटतं का? वाटतं. पहिला पक्षी हातात गरम असतो. आमच्या घरात माळ आहे, पंढरपूर हाकेवर, आईला मी अजून सांगितलेलं नाही, ती समजते साउथ डकोटाला ऑफिसचं काम असतं. तुमच्या घरी चालत नसेल तर बंदूक न घेता ब्लॉकर म्हणून नुसतं चला, बरेच लॉज कमी पैशात येऊ देतात.

मांस घरी आणताना साफ केलेल्या पक्ष्याला डोकं, पाय किंवा पिसांसकट पंख राहू द्या, नर आहे हे वाटेत दाखवावं लागतं. शिजवताना ब्रॉयलर समजू नका, चरबी नसते, छातीचं मांस दोन मिनिटं जास्त ठेवलं की चामडं. मी छाती वेगळी काढून शेवटी टाकतो आणि तंगड्या काळ्या मसाल्यात कुकरला सहा शिट्ट्या, तंगडीतल्या शिरा तारेसारख्या असतात त्या नंतर ओढून काढायच्या. आणि सावकाश चावा, छर्रे राहतात आत, आमच्या एकाची दाढ गेलीय. साफ करताना गळ्याची पिशवी फोडून बघा एकदा, माझ्या दुसऱ्या वर्षीच्या कोंबड्याच्या पिशवीतून मूठभर ज्वारी निघाली, अख्खी, टपोरी, मी ती धुऊन कागदावर वाळत घातली होती, का ते विचारू नका.