कपड्यांतून व्यक्तिमत्त्व दिसतं का? स्वतःची स्टाइल कशी शोधायची?

"कपड्यांत काय ठेवलंय, माणूस महत्त्वाचा" असं घरचे म्हणतात, हे तुम्ही प्रश्नात लिहिलंत म्हणून उत्तर द्यायला बसले. एरवी मी इथे फक्त वाचते. माझ्या अनुभवात हे वाक्य कायम अशीच माणसं म्हणतात, ज्यांना स्वतःचे कपडे स्वतः निवडायला मिळालेले असतात.

मी धाकटी. ताई चार वर्षांनी मोठी, तिचं उतरलेलं सगळं माझ्याकडे यायचं. कापडाबद्दल तक्रार नव्हती, कापड चांगलंच असायचं. पण ताईला झालरी, फुग्याच्या बाह्या आणि गुलाबी रंग आवडायचा, आणि चार वर्षांनी तेच सगळं मला 'आवडायला' लागायचं. पुढे तर माझ्यासाठी कुणी नवीन काही आणलं तरी ते गुलाबीच. "हिला गुलाबी आवडतो ना!" मला कुणी विचारलंच नव्हतं. एकदा एक झालरीचा फ्रॉक टाळायला मी म्हटलं, मुंढ्यात काचतो. ताईने अभ्यास बाजूला ठेवला, शिवण उसवली, आतली माया सोडली आणि पुन्हा टीप मारून दिली. झालं, घालावाच लागला.

पहिल्या पगारातून मी पुरुषांचा शर्ट घेतला, शेवाळी रंगाचा. खांदा माझ्या खांद्यावर बसत होता आणि छातीवरचा खिसा खरा होता, नुसती वरून लावलेली पट्टी नव्हे. ताईने दारातच पकडलं.

"बटणं उलट्या बाजूला आहेत."

"माहितीये."

"लोक काय समजतील?" आणि वर तेच, "कपड्यांत एवढं काय ठेवलंय गं?"

मी म्हटलं, काहीच ठेवलेलं नसेल तर बटणांची बाजू कशाला बघतेस?

दोन आठवडे अबोला. मग मी कुठेतरी वाचलेलं तिला पाठवलं. पॅरिसमध्ये १८०० सालच्या एका आदेशामुळे बाईला पुरुषी कपडे घालायचे तर पोलिसांची परवानगी लागायची. पुढे सवलत दिली ती कशाला, तर हातात सायकल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल. तो आदेश आता लागू नाही, हे तिथल्या सरकारने स्पष्ट केलं ते थेट २०१३ मध्ये. कपड्यांत काहीच नसतं तर पोलीस कशाला लागले असते?

ताईचं उत्तर एका ओळीचं: "तुझ्याकडे घोडा आहे का?"

असो. तुमचा प्रश्न. व्यक्तिमत्त्व दिसतं का? दिसतं, पण बघणाऱ्याला जेवढं बघायचं असतं तेवढंच. स्टाइल शोधण्याबद्दल मला फार येत नाही. एवढंच सांगते, कपाट उघडा आणि प्रत्येक कपड्याला विचारा, हा मी घेतला की मला मिळाला? माझ्या कपाटात 'घेतले' फक्त तीन निघाले होते. घेताना आधी खांदा बघा. लांबी कमी करता येते, कंबर आवळता येते, खांदा चुकला तर बाही उसवण्यापासून सुरुवात. ट्रायल रूममध्ये नुसते उभे राहू नका, बसा, हात वर करा. रंगाबद्दल कुणाचंही ऐकू नका, माझंसुद्धा.

आणि हो, 'अमुक घाला, आत्मविश्वास वाढेल' म्हणणाऱ्यांपासून जरा जपून. डॉक्टरांचा पांढरा कोट घातला की लक्ष जास्त लागतं, असा २०१२ मधला एक गाजलेला प्रयोग आहे. २०१९ मध्ये तो जास्त लोकांवर पुन्हा केला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. शेवाळी शर्टाने माझाही आत्मविश्वास वाढला नव्हता, उलट पहिल्या दिवशी मी दिवसभर फाइल छातीशी धरून बटणं झाकत होते. तो शर्ट माझा होता, एवढंच.

उतरलेले कपडे वाईट असं मी म्हणत नाहीये. आता मी बरेचसे वापरलेलेच विकत घेते. फरक एवढाच की ते मी निवडते. नोकरीत गणवेश असेल तर यातलं निम्मं सोडून द्या, मोजे तरी आपले घाला.

ताई, वाचत असशील तर, तो फ्रॉक मुंढ्यात काचत नव्हता.