मगरीपासून सुरुवात कर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा बडोद्यातला तुझा मराठी वर्ग पाहिला. जीव ओतून शिकवतेस, त्याबद्दल शंका नाही. पण भिंतीवरचा तो ‘अ अननसाचा’ तक्ता आता गुंडाळून ठेव बघू. नऊ वर्षांच्या पोरांना अननसाचं काय कौतुक?

तू मोबाइलवर मगरीचा व्हिडिओ लावलास, तेव्हा मागे बसणारा तो अबोल मुलगा सरकत सरकत पुढे आला. ‘ती पिल्लांना खाते का?’ म्हणाला. तू ‘नंतर सांगते’ म्हणालीस आणि बाराखडीकडे वळलीस. अगं, त्याच क्षणी कागद घेऊन मोठ्या अक्षरात लिहायचं होतं: ‘नाही. मगर पिल्लं तोंडात धरते. पाण्यात सोडते.’ आणि तोंडाने एक शब्दही न सांगता कागद त्याच्या हातात द्यायचा. उत्तर हवं असेल तर पोरगं धडपडत का होईना, वाचतंच. प्राण्यांची चित्रं चिकटवून कंटाळवाणा धडा गोड करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बडोद्यात तर मगर आयतीच मिळाली आहे. पावसाळ्यात विश्वामित्री नदी फुगली की मगरी सोसायट्यांपर्यंत येतात, आणि मग मुलं दुसरं काही बोलतच नाहीत. शिवाय ‘मगर’ला ना काना, ना मात्रा. गुजराती शाळेत जाणारी तुझी मुलं ही तिन्ही अक्षरं शिरोरेघेशिवाय रोज वाचतात. वर रेघ ओढून दाखव, लगेच ओळखतील. तिथून ‘बदक’, मग ‘ससा’, ‘माकड’. जोडाक्षरांची घाई नको.

चित्र मात्र कागदाच्या मागे काढ. समोर असलं की मुलं चित्र बघून ‘सुसर’ म्हणून मोकळी होतात, आणि वाचलं असं आपल्याला वाटतं.

कमाटी बागेत न्यायचा तुझा बेत उत्तम. तिथलं प्राणिसंग्रहालय १८७९ पासूनचं, आजी-आजोबांकडेही गोष्टी निघतील. घरी आल्यावर एकेका प्राण्याच्या मराठी पाटीचा मजकूर मुलांकडून वदवून घे. ती बोलतील तसंच लिही, ‘वाघ नुसता लोळत होता’ असलं तरी. स्वतःचं वाक्य पोरं दहादा वाचतात.

कुत्र्याला वाचून दाखवण्याबद्दल विचारलंस. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत १९९९ पासून प्रशिक्षित कुत्र्यांसोबत असा उपक्रम चालतो. अडखळलं तरी कुत्रा चूक काढत नाही, हाच त्याचा मोठा गुण (आपल्याला जमत नाही तो). पण गल्लीतलं कुत्रं वर्गात नको. कुणाच्या घरचं शांत, लस टोचलेलं असेल, तर एकेका मुलाला पाच-दहा मिनिटं बसव. आणि पोपटाचा पिंजरा तर आणूच नकोस, आपला रानपोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे.

‘वाचायला शिकायला उशीर झाला हो’ म्हणून पालक रडगाणं गातील. त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं सांग. १८७५ साली कवळाणे गावाहून राजघराण्यात दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि धड लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच माणसाने १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. एवढ्यावर बडोदेकर पालक गप्प बसतो.

एक मात्र बजावून सांगते, मगर दाखवायला वर्ग नदीकाठी उतरवायचा नाही. पुलावरून दिसली तर दिसली.

तुझी,
बाई