चीनहून मागवलेल्या निट सोफा कापडाचा कस्टम कोड नेमका कोणता धरायचा?

तुमचा प्रश्न असा: सोफ्याचं वेल्व्हेट चीनहून मागवायचंय, सप्लायरच्या इनव्हॉइसवर ६००६ आहे, एजंट ६००५ म्हणतो आणि ओळखीच्या एका व्यापाऱ्याने तसाच माल ५८०१ मध्ये सोडवलाय. यातला बरोबर कोड कोणता?

कापड बघितल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितला तर तुम्हीही घेऊ नका. पण सॅम्पल तुमच्याकडे आहे, त्यामुळे बरंचसं तुम्हाला घरबसल्या कळेल. मी आधी सोलापुरातच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होतो, आता फर्निशिंगच्या आयातीची कागदपत्रं करतो. टॉवेलची ती ओळख इथे फार कामाला येते.

आधी ‘सोफ्याचं’ हा शब्द बाजूला ठेवा. कापड रोलमध्ये येणार असेल तर कस्टम बघतं ते कसं बनलंय, कुठे लागणार हे नाही. (शिवून तयार झालेली कव्हरं आली तर मात्र कस्टमच्या कोडयादीतलं प्रकरण ६३ उघडावं लागतं.)

आपल्याकडे चादरही विणतात आणि स्वेटरही विणतात, शब्द एकच. घोळ तिथूनच सुरू होतो. कापड उलटं करा आणि भिंग लावा. मागे ताणा-बाणा काटकोनात एकमेकांना छेदताना दिसला तर ते मागावरचं कापड, म्हणजे वेल्व्हेट असेल तर ५८०१. एकात एक अडकलेले फासे, साखळीसारखे, दिसले तर ते निट, म्हणजे प्रकरण ६०. खात्री करायची तर घरातला आपला टर्किश टॉवेल शेजारी ठेवा. त्याचे लूप मागावर, उभ्या धाग्यांतून उठवलेले असतात, म्हणून तो ५८०२ च्या कापडाचा. दिसायला तसंच लूपवालं कापड निटिंग मशीनवर बनलं की ते ६००१ मध्ये जातं. पुढून फरक कळत नाही, पाठ मात्र खोटं बोलत नाही.

आता तुमच्या वेल्व्हेटकडे. निट आहे आणि अंगावर पाइल (तळातून वर उठलेल्या धाग्यांचा मऊ थर) आहे, तर ६००१ आधी बघायचं, कारण ६००२ ते ६००६ हे त्यात न बसणाऱ्या कापडासाठी आहेत. सोफ्याचं बरंचसं निट वेल्व्हेट दोन कापडं समोरासमोर ठेवून निट करतात. मधले पाइलचे धागे दोघांना जोडलेले असतात, आणि पात्याने मधोमध कापलं की दोन वेल्व्हेट वेगळी होतात. मशीन वार्प निटिंगचं (उभ्या धाग्यांचे फासे गुंफणारं) असतं, म्हणून तुमचा एजंट ६००५ म्हणत असावा. पण पाइल आल्यावर वार्प की वेफ्ट (आडव्या धाग्याचं निट) हा प्रश्नच उरत नाही. कापलेलं पॉलिएस्टर पाइल असेल तर ६००१ ९२, लूप तसेच ठेवलेले असतील तर ६००१ २२. एक नियम फार जणांना माहीत नसतो: सबहेडिंगसाठी (सहा आकडी कोडसाठी) धागा ठरवताना पाइलवाल्या कापडाचं खालचं मूळ कापड मोजत नाहीत, फक्त पाइल मोजतात. म्हणजे तळ पॉलिएस्टरचा आणि वरचं पाइल कापसाचं असेल तर माल कापसाचा धरतात, मग वजनात पॉलिएस्टर जास्त का असेना.

खरी अडचण ब्रश केलेल्या मालाची आहे. काही ‘वेल्व्हेट’ म्हणजे साधं ट्रायकोट (पाइल नसलेलं वार्प निट), ज्याचे तंतू नंतर तारांच्या रोलरने उपसून मऊ केलेले असतात. मी टाचणीने एक झुबका मागून ओढून बघतो. पाइल असेल तर अखंड, इंग्रजी यू अक्षरासारखा तुकडा निघतो. उपसलेलं असेल तर नुसते तुटके तंतू बोटाला चिकटतात. तंतू निघाले तर अंदाजाने कोड टाकू नका.

पाइल नसेलच तर क्रम सोपा. ३० सेंमीपेक्षा रुंद आणि वजनात ५% किंवा जास्त इलास्टिक धागा, तर ६००४. नाहीतर वार्प निट ६००५, उरलेलं ६००६. कडेचा धागा ओढल्यावर ओळीमागून ओळ सरसर उसवत गेली तर वेफ्ट निट. वार्प निट तसं उसवत नाही.

मागे प्लास्टिकचा थर असेल आणि तो डोळ्यांना दिसत असेल तर साधं निट ५९०३ मध्ये जाऊ शकतं. निट पाइलचं तसं नाही, कोटिंग असो वा लॅमिनेशन, ते ६००१ मध्येच राहतं.

कोडवर एवढं का अडायचं? फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ६००४ आणि ६००६ मधल्या नऊ टॅरिफ ओळींवर (पूर्ण आकडी कोडांवर) ड्यूटी २०% किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त असेल ते, अशी झाली. ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), १४० सेंमी पन्ह्याचं कापड घ्या. एक मीटर म्हणजे ४२० ग्रॅम, म्हणजे मीटरमागे ४८ रुपयांच्या वर ड्यूटी. किलोला ५७५ रुपयांपेक्षा स्वस्त माल असेल तर टक्का नाही, ही किलोचीच रक्कम लागते. म्हणूनच अशा मालात कोड इकडचा तिकडे झाला की अधिकारी सॅम्पल काढतात. आणि तुमच्या सप्लायरने सवयीने टाकलेला ६००६ तुम्हाला नाहक महागात पडू शकतो.

मी स्वतः हे भोगलंय. सुरुवातीच्या एका मालात इनव्हॉइसवरचा कोड तसाच बिल ऑफ एंट्रीवर (कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदावर) उतरवला. न्हावा शेव्याला सॅम्पल निघालं, रिपोर्ट येईपर्यंत कंटेनरवर रोज डिटेन्शन (तो अडकून राहिल्याचं भाडं) चढत होतं, आणि शेवटी फरकाची ड्यूटी व्याजासह भरली. मालकांसमोर उभं राहताना पाय लटपटत होते. ज्या कापडाची पाठ मी दोन मिनिटं बघायला हवी होती, ते माझ्याच टेबलावर पडलेलं होतं. कायद्याने सेल्फ-असेसमेंट, म्हणजे कोड आणि ड्यूटी स्वतः ठरवणं, आपल्यावर आहे, सप्लायरवर नाही. मागणीची नोटीस साधारण २ वर्षांपर्यंत येते, आणि माहिती लपवली असं ठरलं तर ५ वर्षांपर्यंत.

म्हणून त्या व्यापाऱ्याच्या ५८०१ वर जाऊ नका. त्याचा माल सुटला म्हणजे कोड पास झाला असं होत नाही.

माल नियमित येणार असेल तर ऑर्डरआधीच मुंबईच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे (कोड आधीच ठरवून देणाऱ्या कस्टमच्या संस्थेकडे) अर्ज करा. सीमाशुल्क कायदा १९६२ मधलं कलम २८-एच, फी १०,००० रुपये, निर्णय ३ महिन्यांत अपेक्षित, आणि कापड व कायदा बदलला नाही तर तो काही वर्षं चालतो. ब्रश केलेल्या मालाला तर मी हाच रस्ता सांगेन.

तोवर सप्लायरकडून मशीनचा प्रकार, पाइलचा आणि तळाचा धागा वेगवेगळा, जीएसएम आणि मागच्या थराची माहिती लेखी मागवा. दोन मीटर सॅम्पल घ्या, अर्धा लॅबला द्या, आणि उरलेल्यातला एक तुकडा तारीख टाकून, सही करून फाइलला लावून ठेवा. पाठीचा जवळून काढलेला फोटो इथे टाकलात तर मीही बघतो.