कॉपी पूर्ण दिसते, तरी पेनड्राइव्हवर फाइल अर्धवट का?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत लिनक्स पीसीवरून जकार्डचं (मागावर विणायच्या नक्षीचं) डिझाइन पेनड्राइव्हवर घेतो. कॉपी लगेच संपते, पण मागावर फाइल उघडत नाही.

उत्तर: पेनड्राइव्ह बदलण्याआधी हे बघा. कॉपी संपली म्हणजे डेटा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच, पोचला. राइट कॉल (प्रोग्रामने कर्नलला केलेली लिहिण्याची विनंती) तुमचा डेटा ४ केबीच्या पानांत उतरवून घेतो, त्यांवर ‘डर्टी’ (अजून पेनड्राइव्हवर न लिहिलेलं) अशी खूण करतो आणि परततो. प्रत्यक्ष लिहिण्याचं काम कर्नलमध्ये मागे चालणाऱ्या फ्लशर थ्रेडचं. मूळ सेटिंगमध्ये ते दर ५ सेकंदांनी जागे होतात आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पानं लिहायला घेतात. डर्टी पानं फार साठली, तर त्याआधीही. तेवढ्यात पेनड्राइव्ह उपसला की कधी नाव नि आकार बरोबर दिसतो, आतला डेटा मात्र गायब.

टर्मिनलवर साठलेला डेटा लिहून टाकणारी ‘सिंक’ (sync) कमांड चालवा, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा, मग अनमाउंट करूनच, म्हणजे सिस्टीमपासून सोडवूनच, काढा. /proc/meminfo या फाइलमधले ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ (लिहिणं चालू असलेला डेटा) हे आकडे उतरताना दिसतात. मोठ्या फाइलला स्वस्त पेनड्राइव्ह मिनिटभरही घेतो.

कॉपीचा प्रोग्राम तुमचाच असेल तर एफफ्लश (fflush) पुरत नाही, तो प्रोग्राममधला डेटा फक्त कर्नलपर्यंत नेतो. फाइल बंद करण्याआधी एफसिंक (fsync, त्या फाइलचा डेटा पेनड्राइव्हवर लिहून होईपर्यंत थांबणारा कॉल) करा आणि त्याने परत दिलेली एरर जरूर तपासा.